ओलीचा निरोप

पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून तेजस्विनीने फोन ओठांजवळ धरला.

"राम राम मंडळी. आज हवा लय ओली हाय. धुकं लवकर हलायचं नाई. उघड्या बंडीत कापूस भरून निघू नका, वाटेतच ओल धरल. दुपारी ऊन पडलं तर पाहा."

पाळण्यातून रुपाने मधेच 'बाबाबा' असा लांब सूर लावला. तेजस्विनीने हलकेच हूं हूं केलं, अंगठा ओढला आणि पुन्हा बोलण्याऐवजी निरोप तसाच पाठवून दिला. पुन्हा बोलायचं म्हटलं तर रुपा पुन्हा गाणार, आणि तोवर लोक बैल जुंपून मोकळे होणार.

तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या मावल्यातल्या त्या दोन खोल्यांतून रोज सकाळी असा एक निरोप आसपासच्या गावांत जायचा. त्यात गुपित काहीच नव्हतं. प्रत्येक मंडलात, म्हणजे तालुक्यात, हवामानाचं यंत्र बसवलेलं होतं, आणि त्याचे आकडे सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडून बघता येत. फक्त ते इंग्रजीत आणि तेलुगूत. तेजस्विनी तेलुगू शाळेत शिकलेली. 'तेमा' म्हणजे ओल, एवढं तिला डोळे चोळत असतानाही कळायचं. पहिल्यांदा तिने ते वाचून दाखवलं होतं माहेरी, वडिलांना. त्यांनी शेजाऱ्याला ऐकवलं, शेजाऱ्याने मेव्हण्याला. आता किती गावं ऐकतात, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

त्या दिवशी सुरेंद्र आला. बियाणे-खतांचं दुकान होतं त्याचं, आणि तिच्या नवऱ्याचा, संतोषचा, तो शाळेतला सोबती. संतोष मंचेरियलला खाणीत. रविवारीच घरी यायचा. सुरेंद्रने चहाची बशी ओट्यावर ठेवली.

"वहिनी, एक विचारू? आकडे सरकारचे. फुकटचे. कोनीबी पाहू शकते. मंग तुमी विकता काय?"

"विकते कुठं? सांगते फक्त."

"तेच तं. लोक तुमचं ऐकून बंडी थांबवतात. म्हंजे काईतरी हाय तुमच्यापाशी. ते काय, हेच मले समजून नाई राह्यलं."

तेजस्विनीलाही ते कुतूहल होतंच. तिने पदराने रुपाची हनुवटी पुसली.

सुरेंद्रचं म्हणणं साधं होतं. निरोपाच्या सुरुवातीला त्याच्या दुकानाचं नाव घ्यायचं. तो महिन्याला पगारासारखे पैसे देणार. दुकानामागे बंद खोली होती, तिथे बसून स्वच्छ आवाजात बोलायचं.

"इथं कुकर वाजते, लेकरू रडते. कसं वाटते ते?"

स्वयंपाकघरातून सासूबाई, मथुराबाई, म्हणाल्या, "माह्या कुकरनं तुयं काय बिघडवलं रे बाबा?"

सुरेंद्र हसला. पण तो गेल्यावर मथुराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"शाळेले काय सांगतलं मंग?"

रुपाच्या आधी ती जिथे शिकवायची, त्या इचोड्याच्या खाजगी शाळेने तिला परत बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. शाळा धरली की पहाटेची बस; मग निरोप बंद, आणि रुपा दिवसभर आजीकडे. मथुराबाईंची ना नव्हती. पण त्यांचे गुडघे दुखायचे, आणि रुपा आता रांगायला लागली होती.

"शाळेले थोडं थांबा म्हणते," तेजस्विनी म्हणाली. शाळेने त्याच्या पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी दुकानामागच्या खोलीत जाऊन बोलू लागली. आधी दुकानाचं नाव, मग ओल. आवाज खरंच छान यायचा. तिने तो स्वतःच दोनदा ऐकला. कोणी बातम्या सांगतंय असं वाटलं.

आठवड्यानंतर दाट धुकं पडलं. त्या सकाळी तिने नेहमीपेक्षा ठासून सांगितलं, आज कापूस नेऊ नका. दुपारी ती अंगणात लंगोट वाळत घालत होती, तर रस्त्यावर एक भरलेली बंडी थांबली. खरेदी केंद्राकडून परत आलेली. कापूस ओला म्हणून तो घेतलाच नव्हता. बंडीवरून प्रयागबाई उतरल्या; तेजस्विनीच्या माहेरच्या शेजारीण.

"पाणी दे व पोरी. बैलायलेबी दे."

बैलांचं झालं, मग प्रयागबाईंनी तांब्या तोंडाला लावला. तेजस्विनीचं लक्ष बंडीकडे होतं.

"मावशी, सकाळचा निरोप ऐकला नाई काय?"

"कोनाचा?"

"माह्या."

"तुया कुठं आला? तू तं बोलनंच सोडलं. कोनतरी कंपनीवाली बोलते आजकाल. दुकानाचं नाव घेतलं का मी बंद करून टाकते."

"मीच होती ते."

प्रयागबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

"मंग लेकरू कुठं होतं?"

तेजस्विनीने दाराआडच्या पाळण्याकडे पाहिलं.

"मले वाचता येत नाई, बाई. मी कानानं वळखते. लेकरू आवाज करते, तू त्याले हूं हूं करते, मंग मले समजते का ही इथंच बसून हाय. हिच्या अंगनात धुकं, तेच माह्या अंगनात. त्या बाईचं अंगन कुठं हाय, मले काय मालूम?"

बंडी गेल्यावर तेजस्विनीच्या हातात एक लंगोट तसाच राहिला होता. पिळायचा राहिलेला.

संध्याकाळी तिने सुरेंद्रला सगळं सांगितलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. पण त्याचे डोळे चमकले.

"घ्या! सापडलं ना. मी तवापासून हेच विचारून राह्यलो होतो." त्याने मांडीवर थाप मारली. "सोप्पं हाय मंग. लेकराचा आवाज एकदा भरून घेऊ. रोज सुरुवातीले तोच लावू, वरून दुकानाचं नाव. तुमी त्याच खोलीत बोला, आरामात."

रुपा तेजस्विनीच्या खांद्यावर होती. तिने बांगडी तोंडात धरली होती आणि नव्या दाताने चावत होती. तेजस्विनीने ती बांगडी सोडवली नाही.

"उद्या घरूनच पाठवते," ती म्हणाली.

"काऊन?"

"पाहू."

रात्रभर रुपा दातांमुळे किरकिरत होती. उजाडताना कुठे तिचा डोळा लागला. बाहेर पुन्हा धुकं होतं, समोरचं कुंपणही दिसत नव्हतं. फोनवर सुरेंद्रचा प्रश्न येऊन पडला होता: लेकराचा आवाज घेतला का? त्याच्या खाली इचोड्याच्या शाळेचा: आज शुक्रवार आहे, कळवा.

मथुराबाई चहा घेऊन आल्या. पाळण्यात डोकावल्या.

"उठवू काय तिले? उठली का आपोआप गाईल."

तेजस्विनीने नकारार्थी मान हलवली. ती पाळण्यापासून दूर, उंबरठ्यावर जाऊन बसली. फोन ओठांच्या अगदी जवळ नेला आणि कुजबुजत बोलली.

"राम राम मंडळी. कालच्यासारखंच धुकं हाय. कापूस नेऊ नका. दुपारी पाहा." जरा थांबून तिने शेवटी जोडलं, "या कामाले सुरेंद्रभाऊच्या दुकानाची मदत हाय."

तिने निरोप पाठवला. सुरेंद्रच्या नावापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या. ती शाळेचा निरोप उघडून बसली, लिहायला सुरुवात केली, पुसलं.

तेवढ्यात फोन थरथरला. प्रयागबाईंचा बोलका निरोप. तिने आवाज कमी करून फोन कानाला लावला, पण तशी गरज नव्हती. पलीकडच्या गावात, आपल्या अंगणात, प्रयागबाईही कुजबुजतच बोलल्या होत्या.

"झोपलं वाटते लेकरू. झोपू दे. मी बंडीचे बैल सोडून ठेवले."