उभ्याने वाजवलेली पाच गाणी

दर गाण्याला स्टुडिओची समोरची भिंत एक हात पुढे येत होती. पाच गाणी झाली तेव्हा माझ्या ट्रम्पेटपासून ती वीतभर अंतरावर उरली.

मी यशवंत वायदंडे, मिरजेचा बँडमास्तर, वय एकाहत्तर. पन्नास वर्षं लोकांच्या वरातीत लोकांची गाणी वाजवली. तरुणपणी मुंबईच्या गोदीत एका खलाशाने लॅटिन सोलची रेकॉर्ड ऐकवली होती. तो ठेका अंगात शिरला तो शिरलाच. त्याला फंकची फोडणी देऊन मी सहा चाली बांधल्या. एवढा एकच अल्बम माझा स्वतःचा होणार होता. तो पाचावर सोडायला मी खुळा नाही.

भिंतीत काच होती आणि काचेमागे रेकॉर्डिस्ट प्रभुदेसाई. भिंतीबरोबर तोही टेबलखुर्चीसकट पुढे येत होता.

"मास्तर, पाचच ठेवू या," तो म्हणाला. "सहाव्याला जागा नाही."

"जागा तुम्ही खाल्लीत."

"मी कुठे हललो?"

आम्हीही हललो नव्हतो. सकाळी त्याने फरशीवर खडूने अकरा फुल्या मारल्या आणि म्हणाला, प्रत्येकाने आपल्या फुलीवर उभं राहून वाजवायचं. मी मान डोलावली. जन्मात एका जागी उभ्याने एक गाणं वाजवलं नव्हतं, आणि मुकाट मान डोलावली! माझा मलाच संताप आला.

"मास्तर, भित नाकाला लागाय लागली," शेजारून कोंगा ढोल वाजवणारा इलाही म्हणाला.

"कोंगा गळ्यात घाल."

"आन् मग?"

"वरातीत काय करतोस?"

त्याने पट्टा गळ्यात अडकवला. मी फुली पायाने पुसली, डावं पाऊल उचललं आणि सहावं गाणं सुरू केलं.

पहिल्या पावलाला ट्रम्पेट भिंतीला टेकलं. दुसऱ्या पावलाला भिंत मागे सरली. अंतऱ्यापर्यंत आम्ही भर दुपारच्या रस्त्यावर होतो. भिंत पुढे, आम्ही अकरा जण मागे. काचेमागचा लाल दिवा चालूच होता.

"सायेब, जपून," इलाही ओरडला. "मागं गटार हाय."

प्रभुदेसाई गटार ओलांडून आमच्याकडे तोंड करून उलटा चालत राहिला.

"मास्तर, हे थांबवायचं कुठे?"

मी ट्रम्पेट ओठांवरून काढलं नाही. त्याने दोन चौक वाट पाहिली. मग खिशातला रुमाल काढला, नीट घडी मोडली आणि वरातीत नागीण नाचणाऱ्यासारखा दातात धरला.