खुर्चीचा डावा हात

बाईंनी बेतलेल्या खुर्चीवर तुम्हीही कधीतरी बसला असणार. दवाखान्यात, वाचनालयात, नाहीतर कुण्या साहेबाच्या दाराबाहेर ताटकळताना. एकच पोलादी पाइप वाकवून केलेली, वर जाड कापड ताणलेलं, आणि डावा हात उजव्यापेक्षा उंच नि रुंद. घराघरातलं बोजड लाकडी सामान हटवलं ते या खुर्चीनं. पुढं ज्यानं त्यानं तिची नक्कल केली आणि तो डावा हातही मुकाट्यानं उचलला. शहाण्यांनी त्यावर पानंच्या पानं खरडली. म्हणे, समतोल मोडण्याचं धाडस. कसलं धाडस नि कसलं काय.

बाईंना तेव्हा दिवस गेले होते. बाळाला पाजताना कोपराला टेकू हवा, म्हणून तो हात वर घेतलेला. पाइप वाकवला नवऱ्यानं, स्वतःच्या वर्कशॉपमध्ये. पण खुर्ची पुरी होण्याआधीच बाळ आलं आणि आठवडाभरात गेलंही. ना नाव ठेवलं, ना फोटो काढला. नवऱ्यानं खुर्ची तेवढी पुरी केली.

एरवी तो असा बोलघेवडा, की रस्त्यावरच्या कुत्र्याचीही विचारपूस करील. या बाबतीत मात्र त्यानं जे मूग गिळले ते गिळलेच. हा विसरला, असं बाईंनी मनाशी धरलं, आणि तो राग म्हातारपणापर्यंत पुरला.

आता ती खुर्ची बनवणाऱ्या कारखान्याचा मॅनेजर घरी आला होता, नवं ड्रॉइंग घेऊन.

"मॅडम, हा डावा हात खाली घेऊ. खुर्च्या एकावर एक बसत नाहीत, गोदामात जागा खातात. फक्त तुमची सही हवी."

बाईंनी ड्रॉइंग दूर सारलं. तो हात गेला की, एक बाळ होतं याची जगात एवढीशीही खूण उरणार नव्हती.

"आहे तसाच राहू दे," त्या म्हणाल्या.

"पण कारण काय सांगू मालकांना?" मॅनेजर समोरच्या तसल्याच खुर्चीत ऐसपैस बसला आणि त्यानं त्याच हातावर कोपर टेकलं.

"तिथं त्याचं डोकं येणार होतं," बाईंच्या शेजारी बसलेला नवरा म्हणाला.

"कुणाचं?"

"आमच्या मुलाचं. कानामागं तीळ होता त्याच्या."

मॅनेजरनं कोपर उचललं. ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना. बाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. तो तीळ आपण एकटीनंच पाहिला, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं. मग त्यांनी ड्रॉइंग जवळ ओढलं आणि सही केली.

"अगं, हे काय करतेस?"

"तुम्ही विसरलात असं वाटायचं मला. म्हणून धरून बसले होते त्या हाताला."

"विसरतोय कसला," तो म्हणाला. "तू सावरली होतीस. म्हटलं, पुन्हा कशाला खपली काढायची."

मॅनेजर कागद गुंडाळून हळूच निघून गेला. दोघं तिथंच बसून राहिली. बोलायचं खूप साठलं होतं, आणि दोघांचंही वय झालं होतं.