राजा विरुद्ध क्लिफर्ड थ्रेलफॉल

माझ्या भावाच्या खटल्याच्या कागदावर पहिल्याच ओळीत छापलं होतं, 'राजा विरुद्ध क्लिफर्ड थ्रेलफॉल'. आमच्या बाबांनी ते वाचलं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

क्लिफनं गिरणीच्या आवारात भांडणाच्या भरात मुकादमाच्या डोक्यात पाना घातला होता. मुकादम दुसऱ्या दिवशी गेला. ज्यूरीनं क्लिफला दोषी ठरवलं, पण दया दाखवावी अशी शिफारसही केली. न्यायाधीशांनी फाशी सुनावली. आमचे वकील पॉम्फ्रेट म्हणाले, आता सगळं गृहमंत्र्यांवर आहे, दयेच्या अर्जावर सह्या गोळा करा. मी दारोदार फिरले, चार हजार सह्या आणल्या. मुकादमाच्या मेव्हण्यानंसुद्धा सही केली. बाबांनी मात्र केली नाही.

"मंत्र्याचा काय संबंध?" ते म्हणाले. "भांडण राजाशी आहे असं कागदच सांगतोय ना? मग माफीही राजाच देईल. मंत्री काय, आज आहे, उद्या निवडणुकीत आपटला की घरी."

पॉम्फ्रेटसाहेबांनी त्यांना बसवून समजावलं. माफीवर सही राजाची असते, पण मंत्र्यानं सांगितल्याशिवाय तो ती करत नाही, आपल्या देशाची रीतच तशी आहे. बाबांनी ऐकून घेतलं आणि टोपी चढवून घरी आले. लढाईत त्यांची तीन बोटं गेली होती ती राजासाठी, मंत्र्यासाठी नव्हे. बाबा भयंकर हट्टी होते. हे मी प्रेमानं सांगतेय आणि रागानंही.

फाशी बुधवारी सकाळी नऊला ठरली होती. सोमवारच्या टपालानं मंत्र्यांचं उत्तर आलं. महाराजांना हस्तक्षेपाचा सल्ला द्यावा असं कोणतंही कारण आपल्याला आढळलं नाही, एवढंच त्यात होतं. शेवटची भेट मंगळवारी दुपारी तीनची दिली होती.

मंगळवारी सकाळी मी खाली आले तर बाबा चांगला कोट घालून, पदकं लावून तयार. मला वाटलं, तुरुंगात जायची तयारी. ते म्हणाले, लंडनला चाललोय. मी दारात आडवी उभी राहिले.

"बाबा, आज क्लिफला भेटायचंय. उद्या तो नसणार."

"उद्या तो असावा म्हणूनच जातोय, आयव्ही. त्याला सांग, बाप राजाकडे गेलाय. आता बाजूला हो पोरी, गाडी चुकेल."

मी बाजूला झाले.

दुपारी मी एकटीच गेले. टेबलाच्या पलीकडे क्लिफ, त्याच्या दोन्ही बाजूंना वॉर्डर. बाबा कुठे गेलेत ते सांगितल्यावर तो हसलाच. "राजाकडे? अगं, त्या बिचाऱ्यानं पुढ्यात येईल त्या कागदावर सही करायची. तो काय करणार?" मग तो शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल, माझ्या खोकल्याबद्दल बोलत राहिला. पण बाहेर पावलं वाजली की त्याची नजर दाराकडे जायची. वेळ संपली. वॉर्डरनं दोन मिनिटं जास्त दिली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "राजाबिजाचं तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस ना? बाबांना माझी लाज वाटते, म्हणून आले नाहीत." मी शपथा घेतल्या. त्याला पटलं नाही. ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

बुधवारी नऊचे ठोके पडले तेव्हा आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांचे पडदे दुखवट्यासाठी ओढलेले होते. साडेदहाला बाबा आले आणि टोपी न काढताच खुर्चीत बसले.

राजवाड्याच्या फाटकावरच्या पोलिसानं पदकं बघून त्यांना बाजूच्या दारानं आत नेलं होतं. एका वयस्कर अधिकाऱ्यानं बसायला खुर्ची दिली, चहा दिला, बाबांनी राजाला लिहून नेलेलं पत्र आत नेलं. दोन तासांनी येऊन सांगितलं की महाराजांनी पत्र वाचलं, त्यांना फार दुःख झालं, आणि त्यांनी ते गृहमंत्र्यांकडे पाठवलंय.

"मी विचारलं, खुद्द महाराजांना काय वाटतं," बाबा म्हणाले. "तर तो म्हणाला, ते त्यांना सांगता येत नाही, मिस्टर थ्रेलफॉल. ते सांगू लागले तर राजे राहणार नाहीत." मग म्हणाले, "तिथेच उठायला हवं होतं. पण बसून राहिलो. म्हटलं, कुणी सांगावं. शेवटची गाडीही गेली."

त्यांनी मान वर केली. "क्लिफ काय म्हणाला? मला विचारलं का?"

मी आदल्या दिवसापासून आतून जळत होते. म्हणाले, "विचारलं ना. तुम्हाला त्याची लाज वाटते म्हणून तुम्ही आला नाहीत, असं त्याला वाटलं. शेवटपर्यंत दाराकडे बघत होता."

बाबा रडले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली, आपल्याला हेच मिळायला हवं होतं अशी. पुढे ते अकरा वर्षं जगले, पण क्लिफचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही.

राजाचा मला कधी राग आला नाही. त्याचे हात बांधलेले होते. माझे नव्हते. 'बाबा, तुम्ही राजाकडे गेलात म्हणून तो खूश होता' एवढं एक खोटं वाक्य त्या सकाळी बोलायचं होतं, आणि त्यासाठी मला कुठल्याही मंत्र्याला विचारावं लागणार नव्हतं. मी ते बोलले नाही.