कढई नवव्या भागातली

मी देवीदास. अकोल्याच्या जुन्या शहरात पुस्तकं बांधतो. आमच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते पयले माह्या दुकानात येते. पुठ्ठा, कापड, शिवन, मंग शिक्का, मंग वाचनारा. राजाच्या कानाची बातमी न्हाव्याले आधी, तसं माहं हाये.

'पाषाणरानी' नावाची एक कादंबरी होती. एका पुस्तकात मावत नव्हती म्हनून तिचे भाग निंघत. पन्नास साली पयला, एकसष्ट साली चौदावा. तिसऱ्या भागात मांत्रिकानं रत्नावती रानीले दगड करून टाकलं, तवापासून दहा वर्सं ते बाई तशीच उभी. लिहिनाऱ्याचं पोट तिच्या दगडपनावर, तं तो तिले काहून सोडवन? पन आमीही चिकट. दर आयतवारी दुपारी माह्या ओट्यावर देवमन मोठ्यानं वाचे. देवमन तहसिलीत कारकून, पन आवाज असा की राक्षस बोलला तं समोरच्या चक्कीवाल्यानं दळन थांबवावं. आयकायले पंधरा-वीस मानसं, अन् सगळ्याईच्या समोर त्याची मावशी चतुराबाई.

चतुराबाईले अक्षर येत नव्हतं, पन तेराच्या तेरा भाग पाठ. सातवा म्हटला की म्हने, आमी नागपूरले दीक्षा घेऊन आलो त्याच महिन्यातला. कापसाच्या जिनात कामाले जाये, तिथी बायाले मांगचे भाग सांगे. तिले एकच घोर. रानी जिती होते का नाई, हे देवमनच्या तोंडून, जाग्यावर आयकाचं. कोनी आधी सांगू नये.

अन् सांगनारा तं बसलाच होता. खुशालराव. भातकुलीकडं काळी जमीन, अकोल्यात घर, वाचनालयाचा अध्यक्ष. रिवाज असा की नवा भाग आठ दिवस अध्यक्षाकडं. मंग आयतवारी हा छत्री टेकत पुस्तक आनून दे अन् देवमननं पयलं पान उघडाच्या आधी शेवट सांगून टाके. तेराव्या भागाच्या वक्ती चतुराबाईनं हात जोडले, म्हने दादा, नोका सांगू. तं हा म्हनते, "ज्याले अक्षर येत नाई, त्याले कायचा शेवट अन् कायचा आरंभ?"

बाई आयकत बसली, पन तिचा तो आयतवार गेला. मले तवाच खाज सुटली.

मले एक गोष्ट मालूम होती. पुस्तकाच्या कडा कापल्या की खळीनं दोन-चार पानं एकमेकाले चिकटून रायतात. वाचनारा बोटानं सोडवते. खुशालरावकडून आलेल्या पुस्तकाची मंधातली पानं जशीच्या तशी चिकटलेली. त्याच्या विड्याच्या कात्थ्याचे डाग फकत शेवटच्या सोळा पानाईवर. म्हनजे आमचा विद्वान अध्यक्ष शेपटी पाहून बैल सांगे.

चौदावा भाग अमरावतीवरून पार्सलनं आला, तसा मी शेवटचा फर्मा, म्हनजे सोळा पानाची शिवाची जुडी, काढून पेटीत ठेवला. नववा भाग डागडुजीले पडलाच होता, त्याचा शेवटचा फर्मा चौदाव्यात शिवला. लिहिनारा इमानदार, दर भाग बरोबर एकशेसाठ पानाचा, आकडेही जुळले. वरून कापड लावलं, सोन्याच्या अक्षरात 'भाग चौदावा' उठवलं अन् अध्यक्षाच्या घरी सोता नेऊन देल्लं. त्यानं मले चहा पाजला.

आठ दिवसानं आयतवारी ओटा भरला. खुशालराव आला, पुस्तक देवमनच्या हाती देल्लं, छत्री टेकली. चतुराबाईनं दोन्ही कानात बोटं घातली. हा मुद्दाम मोठ्यानं बोलला. म्हने राजपुत्र तेलाच्या कढईत पडते, नागकन्या डाव्या हातानं त्याले वढून काढते, रानी दगडाचीच रायते. घ्या, वाचा आता.

चतुराबाईनं बोटं काढली. मांगच्या वक्तीसारखं तोंड पडलं नाई. उलट कपाळाले आठी.

"दादा, कढई तं नवव्या भागातली," ते म्हने. "माह्या लेकीच्या, शालूच्या हयदीच्या दिवशी वाचली होती. त्यातच नागकन्येचा डावा हात जळला. दहाव्यापासून ते हात घोंगडीत लपवून फिरते. आता तिनं कोन्या हातानं वढलं?"

 मंग चक्कीवाला हासला, अन् त्याच्या मांगून सगळे.

खुशालरावनं पुस्तक वढून घेतलं, शेवटची पानं पायली, मंग माह्याकडं पायलं. मी खळीचा डबा हालवून राहिलो होतो. त्याच्या डोळ्यात सगळं समजल्याचं दिसत होतं, पन बोलन काय? बांधनाऱ्यानं घोळ केला म्हटलं, तं नववा भाग चौदावा म्हनून वाचला अन् वळखला नाई हे कबूल. वाचला म्हटलं, तं कढई आडवी. वाचला नाई म्हटलं, तं अध्यक्षपद गेलं. गड्याले तीन रस्ते अन् तिन्हीवर शेन.

"शिवन ढिली दिसते, भाऊ. द्या इकडं," मी म्हटलं, अन् पुस्तक आत नेलं. फर्मा काढला, खरा घातला, दोन टाके मारले. पाव तासाचं काम.

मंग देवमननं वाचाले सुरवात केली. तीन आयतवार पुरला तो भाग. तिसऱ्या आयतवारी शेवटचा फर्मा आला. मले शेवट मालूम होता, अन् तोंड बंद ठेवाचा तरास मले जन्मात पयल्यांदा समजला. खुशालराव बाजूच्या पानठेल्यावर उभा. तिन्ही आयतवार त्याचा विडा काई लागत नव्हता.

देवमननं वाचलं: रानीच्या पापन्या हालल्या, दगडाचे ओठ उघडले, तिनं इचारलं, किती वर्सं झाली?

"दहा, बाई," चतुराबाई म्हने. पुस्तकातल्या कोनी उत्तर द्याच्या आधी.

अर्धं पान रानी जिती रायली, अन् पुन्हा दगड झाली. लोकाईनं लिहिनाऱ्याले शिव्या घातल्या. चतुराबाई मातर खुदुखुदु हासत होती, म्हने बोलली तं सही, मले इचारून गेली. डोळे पुसले अन् पानठेल्याकडं वळली.

"खुशालराव, आता काय होईन?"

त्यानं छत्री काखेत मारली. मंग हळूच म्हने, "मले काय मालूम."

चौदा भाग लागले, तवा त्याच्या तोंडून खरं निंघालं. मी त्याच्यासाठी ओट्यावर जागा केली. मांगच्या रांगेत, चतुराबाईच्या पाठीशी.