बाटलीतलं दूध

“हिरवा ठिपका हाय ना? मग व्हेज,” म्हणत अनंताने बाटली ओट्यावर ठेवली.

“व्हेज नाही, व्हीगन,” दारात उभी असलेली पाहुणी हसली. “हिरव्या ठिपक्यातही दूध असतं. मागचं जरा वाचता?”

सिद्धगडाच्या पायथ्याशी हे रिसॉर्ट होतं आणि अनंता तिथला मॅनेजर. सॅलडवर ओतायचं हे पांढरट ड्रेसिंग मालकाने कल्याणहून पाठवलं होतं. अनंताने बाटली उजेडात धरली आणि बारीक अक्षरं लावू लागला.

“तेल... साखर... मोहरी. अंडं नाय. मध नाय. हे काय, डब्ल्यू, एच, ई, वाय. व्हे पावडर.”

“व्हे म्हणजे दुधातलंच पाणी. मग नको मला.”

खाली बसून सोमी काकड्या सोलत होती. आज ती बऱ्याच दिवसांनी कामावर आली होती. तिची दोन महिन्यांची मुलगी गेल्या पंधरवड्यात तापाने गेली. मुरबाडच्या दवाखान्यात नेईपर्यंतच अंग गार पडलं होतं. घरी सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसत, म्हणून ती आली. दूध मात्र आटलं नव्हतं. सासूने छातीला फडकं आवळून बांधलं होतं, तरी दुपारपर्यंत ठणका लागायचाच.

“ताई, दूध पन नाय चालत तुमाला?” सोमीने विचारलं.

“दूध, दही, तूप, काहीच नाही.” पाहुणी आत येऊन स्टुलावर बसली. बाई चांगली होती, कुणाशीही सहज बोलायची. “गाईचं दूध तिच्या वासरासाठी असतं ना? त्याच्या तोंडचं काढून आपण का प्यायचं?”

सोमीने सोललेली काकडी परातीत ठेवली, दुसरी घेतली.

“आन् वासरूच नसलं तर?”

“म्हणजे?”

“मेलं तर. दूध तं येतंच.”

पाहुणीने अनंताकडे पाहिलं. तो बाटलीचं झाकण फिरवत उभा होता, घट्ट बसलेलं असूनही.

“नाही गं,” ती हळूच म्हणाली, “याचा मी कधी विचार केला नाही.”

“सोमी, लिंबं काप,” अनंता म्हणाला. “दाण्याचं कूट घाल, मिरची घाल. सॅलडवर तेच बरं लागतंय.”

तिने ते कालवलं. पाहुणीने दोनदा मागून घेतलं, छान झालंय म्हणाली. सोमीने मान हलवली आणि ताटं घासायला घेतली. ब्लाउज ओला झालेला अनंताला दिसला असावा. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, “जा तू घरी. बाकीचं मी बघतो.”

पाड्यावर शिरताना शेजारची म्हातारी गोदू अंगणातच होती. आतून पोर रडत होतं, रडून रडून घसा बसल्यासारखं.

“सोमे,” म्हातारीने हाक मारली. “कसं बोलू गो तुला... सून माजी, जया, तापानं फणफणलीय. अंगावर थेंब नाय. वरचं दूध पाजलं तं पोर सगळं टाकतंय.”

सोमी उभी राहिली.

“तुजं मन नसंल तं नको. मी कायच बोलनार नाय.”

“आन इकडं,” सोमी म्हणाली.

ती ओटीवर भिंतीला टेकून बसली. फडक्याची गाठ सुटेना, तेव्हा गोदूने ती दाताने सोडवली. पोराने अधाशासारखं तोंड लावलं. मुलगा होता आणि जड होता. सोमीची मुलगी हलकी होती.

गोदू डोळे पुसत होती. सोमीला रडू आलं नाही. मायाही दाटून आली नाही. ठणका तेवढा उतरत गेला आणि पाठीमागची भिंत गार लागत राहिली. एकदा पोराने तिचं बोट धरलं. तिने ते सोडवलं नाही.

पोर झोपलं तसं आतून जयाने गोधडीतून हात पुढे केले. सोमीने वाकून मूल तिच्या कुशीत ठेवलं, टोपडं सारखं केलं.

“सांजला येशील?” गोदूने विचारलं.

“येते.”

ती पदर सावरून निघाली. वाटेत पाड्यावरचा पंढरी बैल घेऊन येत होता, त्याला वाट द्यायला ती कडेला झाली. तेव्हा तिला दिसलं, डावा हात अजून कोपरात दुमडलेलाच आहे. तिने तो सरळ केला नाही. तशीच घरापर्यंत गेली.