पुसलेला खांब

आमच्या सासूबाई नाकावर माशी बसू देत नाहीत आणि भिंतीवर डाग. खाली आमची लॉन्ड्री, वर लाकडी माळा, आणि माळ्याचा भार मधल्या एका खांबावर. खाली सतत ओल, म्हणून माझी लेक भिंगरी वर झोपते. नाव उगीच नाही ठेवलेलं, चालणं तिला ठाऊकच नाही. उड्या मारत असते.

पावसाळ्याच्या तोंडावर खिडकीखाली पंखांचा खच दिसला. नुसते पंख, किडा एकही नाही. वाळवीला पावसाआधी पंख फुटतात आणि झडतात, असं ऐकलं होतं; मला काही बरं वाटेना. सासूबाईंनी ते झाडून टाकले आणि मी साप साप म्हणून उगाच भुई धोपटते, असंही ऐकवलं. तरी मी हट्टाने कीड मारणाऱ्या माणसाला बोलावलं.

तो म्हणाला, वाळवी लाकडात राहते असं लोकांना वाटतं, पण तिचं घर असतं जमिनीत, ओल्या मातीत. लाकूड म्हणजे तिचं जेवण. उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून ती मातीची नळी बांधते आणि तिच्या आतून वर चढते. नळी दिसली की समजायचं, वाळवी पोचली. त्याने चारही भिंती पाहिल्या, खांबाचा पाया पाहिला. सगळं लख्ख. खांबाला टोचा मारून बघतो म्हणाला, तर सासूबाई आडव्या आल्या. ताज्या रंगाला टोचा लावायचा नाही म्हणजे नाही. नळी नाही तर वाळवी नाही, असं सांगून तो गेला. सासूबाईंचा चेहरा असा खुलला की माझा जळफळाट झाला.

दुपारी इस्त्री करता करता त्याच बोलल्या.

"नळी म्हणे! मुंग्या मातीची घाण करतात, ती मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते. काल तर बोटाएवढी जाड होती."

मी वळून विचारलं, "कुठे होती, आई?"

"खांबाला. अजून कुठे?"

कपडे धुतल्यावर उरलेलं पाणीही त्या खांबाच्या बुडाशीच ओतायच्या, लादी स्वच्छ राहावी म्हणून. मी खांबाशी गेले आणि अंगठा दाबला. रंग कागदासारखा फाटला. अंगठा आत, मग अख्खा पंजा आत. लाकूड नव्हतंच. ओली माती होती आणि तिच्यात काहीतरी पांढरं वळवळत होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. तेवढ्यात डोक्यावर फळी करकरली आणि माळ्यावरून भिंगरीचा आवाज आला.

"आई, मी उडी मारून येऊ?"

सासूबाईंनी इस्त्री ठेवली, खांबाला खांदा लावला आणि वर न बघता म्हणाल्या, "भिंगरे, बसल्या जागी बस. हलायचं नाही." मग मला म्हणाल्या, "मी धरते. तू आण तिला."

शिडी भिंतीला टेकलेली होती. मी चढले, भिंगरीला पोटाशी धरून उतरले आणि सासूबाईंना ओढून बाजूला घेतलं. खांब उभाच राहिला, कशाच्या जोरावर कोण जाणे. त्यांच्या खांद्यावर ओली माती लागली होती. त्यांनी ती झटकली नाही.

रात्री भिंगरीची खाट समोरच्या खोलीत टाकली, दोन भिंतींपलीकडे. सकाळी मी फडकं घेऊन खाली वाकले. खाटेच्या पायाला जमिनीपासून निघालेली मातीची बारीक रेघ होती, अजून ओली.

सासूबाईंनी माझा हात धरला.

"पुसू नकोस," त्या म्हणाल्या. "पोरीला उचल आधी."