लाइनवरचा 'आहा'

नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन जोडून देणाऱ्या त्या कचेरीत, प्रेमिलाचं नाव पहिल्या आठवड्यातच सगळ्यांच्या तोंडी आलं, पण ते काही चांगल्या कारणानं नव्हे.

झालं असं, की धंतोलीतल्या एका वकिलांनी जबलपूरचा कॉल बुक केला होता. लाइन लागायच्या आतच त्यांचा फोन आला, की कॉल रद्द करा, आमचे सासरे वारल्याची तार आली आहे, आम्हीच आता निघतो आहोत. हे सगळं इंग्रजीत. प्रेमिला बी.ए. झालेली. इंग्रजी व्याकरणातला उद्गारांचा धडा तिला तोंडपाठ होता: आनंद झाला की हुर्रे, दुःख झालं की अलास. तिला खरोखरच वाईट वाटलं होतं. कानावरचा हेडसेट सावरून ती अगदी मनापासून म्हणाली, "अलास!"

पलीकडून वकीलसाहेब म्हणाले, "व्हॉट?"

"अलास, सर," ती पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाली.

शेजारच्या बोर्डावरच्या मुलींनी तोंडावर पदर दाबले. वकिलांनी सुपरवायझरकडे तक्रार केली, की तुमची ऑपरेटर आमच्या सुतकात नाटक करते.

सुपरवायझर शोभाताई महालातल्या. काळ्या फ्रेमचा चष्मा, कडक कलफाची साडी, आणि आवाज असा, की कलेक्टर ऑफिसातले लोकही त्यांच्याशी बोलताना खुर्चीत नीट बसत असावेत. त्यांनी प्रेमिलाला टेबलापाशी बोलावलं.

"तुले खरंच वाईट वाटलं होतं का वं?"

"हो ताई."

"मग ते त्याइच्यापर्यंत पोचलं काहून नाही?"

रडू येईल म्हणून प्रेमिलानं ओठ चावून धरला.

"अलास हा पुस्तकातला शब्द आहे, पोरी. जित्या माणसाच्या तोंडी तो आता येत नाही. 'आय ॲम व्हेरी सॉरी टु हिअर इट, सर' म्हणायचं, आन् थांबायचं. हे पाय, उद्गार म्हंजे पायातली चप्पल. कुठं घालायची आन् कुठं काढून ठेवायची, तेवढं समजलं का झालं."

त्या दिवसापासून प्रेमिला शिकू लागली. साहेबलोकांना 'ओके' नाही, 'व्हेरी वेल, सर'. 'हे!' अशी हाक कोणालाच नाही. इतवारीतला व्यापारी 'अरे हॅलो, हॅलो, सो गये क्या?' म्हणून ओरडला, तरी आपण 'वन मोमेंट, प्लीज' म्हणायचं. तोंडातून 'ओ' निघतोय असं वाटलं, तर गिळून टाकायचा. डबा खायच्या खोलीत मात्र सगळं माफ. तिथं 'ओ माय गॉड'ही चाले, 'अय्या'ही चाले, आणि शोभाताई स्वतः मिरचीचा ठेचा खाऊन 'हाय हाय रे बापा' करत.

ही शिकवण प्रेमिलानं मनावर घेतली, त्याला कारण होतं. छप्पन साली, धम्मदीक्षेच्या वर्षी जन्मलेली ती इंदोऱ्यातली पोरगी. वडील आनंदराव मिलमध्ये मागावर, आई कौसल्या घरी बिड्या वळायची. घरात सरकारी नोकरी पहिल्यांदाच आली होती, तीही इंग्रजीत बोलण्याची. आनंदराव गल्लीत कोणी भेटलं की सांगायचे, "माही पोरगी मद्रास-कलकत्त्याशी बोलते. इथून, बसल्या जागेवरून!" त्या बापाच्या पोरीला कोणी हसावं, हे प्रेमिलाला परवडणारं नव्हतं.

वर्षभरात तिचा आवाज असा घासूनपुसून स्वच्छ झाला, की त्यात ना राग ऐकू यायचा, ना आनंद. लग्नाची बातमी असो की मयताची, लाइन जोडून देताना तिचं 'यू आर थ्रू, सर' एकाच पट्टीत. तिला स्वतःलाही त्याचा अभिमान वाटायचा.

मग अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यातली ती दुपार आली. खिडक्यांना वाळ्याचे तट्टे लावलेले, वर पंखा गरम हवाच फिरवत होता. कळमेश्वरहून तंजावरचा अर्जंट कॉल होता. कळमेश्वरच्या नव्या कारखान्यातला एक तमिळ इंजिनिअर, नटराजन नावाचा. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि सकाळी तार आलेली की तिला दवाखान्यात नेलं आहे, प्रकृती गंभीर. त्या दिवशीची मद्रासची गाडी तर सुटून गेली होती.

मोठ्या मुश्किलीनं लाइन लागली, पण कमालीची खराब. तंजावरचा आवाज नागपूरपर्यंत यायचा, कळमेश्वरचाही यायचा, पण त्या दोघांना एकमेकांचं काही ऐकू जाईना. नटराजन "हॅलो, हॅलो" करून घसा फोडत होता. अशा वेळी ऑपरेटरनं मधे बसून इकडचा निरोप तिकडे सांगायचा असतो. तमिळ प्रेमिलाला येत नव्हतं. तिनं तंजावरच्या माणसाला विनंती केली, की इंग्रजीत बोला, मी पोचवते.

तो नटराजनचा सासरा होता. म्हातारा हसत होता की रडत होता, कळायला मार्ग नव्हता. "आहा! आहा!" तो ओरडला. "टेल हिम, ऑपरेटर! ऑपरेशन झालं. मुलगी झाली. आई आणि मूल दोघं सुखरूप. हुर्रे म्हणावं त्याला, हुर्रे!"

प्रेमिलानं त्यातलं कामाचं तेवढं उचललं आणि नेहमीच्या पट्टीत कळमेश्वरला सांगितलं, "सर, पार्टी सेज, ऑपरेशन ओव्हर. फीमेल चाइल्ड. मदर अँड चाइल्ड सेफ."

नटराजननं अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, माझ्यापासून काय लपवताय?"

"नथिंग, सर."

"तुम्ही तार वाचल्यासारखं सांगताय. ती गेली ना? मी इथं परमुलखात एकटा आहे म्हणून मला सांगायचं नाही, असं त्यांनी तुम्हाला बजावलं आहे. खरं सांगा. प्लीज."

"नो, सर. मदर अँड चाइल्ड सेफ," तिनं पुन्हा सांगितलं. आणि स्वतःच्याच कानांनी तिला ऐकू आलं, की ते किती खोटं वाटतंय. शब्द सगळे खरे होते, पण त्यांच्यात जीव नव्हता. म्हाताऱ्यानं जीव पाठवला होता तो 'आहा'मध्ये, आणि तोच तिनं मधल्या मधे काढून ठेवला होता.

बोर्डावर शोभाताईंच्या देखरेखीचा दिवा लागलेला तिला दिसला. म्हणजे ताई ऐकत होत्या. ऐकू दे, तिनं मनाशी म्हटलं.

"सर, ऐका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्या नकळत वर चढला. "मी त्यांचा अर्धाच निरोप दिला. चूक माझी झाली. तुमचे सासरे आधी म्हणाले, 'आहा!' दोनदा म्हणाले. असे, आहा! आहा! ते हसताहेत, सर. मला आत्ताही ऐकू येतंय. आणि तुम्हाला हुर्रे म्हणायला सांगितलंय त्यांनी. हुर्रे, सर! मुलगी झाली तुम्हाला!"

पलीकडून एक हुंदका आला. मग मोठ्ठं हसू. मग दोन्ही एकदम. "ओ," एवढंच तो म्हणाला, "ओ, ओ..."

"ओ!" प्रेमिलाच्याही तोंडून निघालं. "काँग्रॅच्युलेशन्स, सर!"

तिनं तंजावरला कळवलं, की जावई हसताहेत आणि रडताहेत. म्हाताऱ्यानं तिला तमिळमध्ये काहीतरी लांबलचक म्हटलं. आशीर्वाद असणार. त्याला तर्जुम्याची गरज नव्हती.

प्लग काढून ती उठली, तेव्हा शोभाताई समोरच उभ्या होत्या.

"ताई, लाइनवर मी 'ओ' म्हणाले."

"ऐकलं मी."

"मेमो द्यायचा असेल तर..."

"कशाचा मेमो वं?" शोभाताईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे ओले होते. "कलेक्टरच्या लाइनीवर बोलली असती तर झापलं असतं. पण आज तो 'आहा' तू गिळून टाकला असता, तर त्या माणसानं कळमेश्वरात बसल्या बसल्या आपल्या बायकोचं सुतक धरलं असतं. वर्षभर मी तुले चप्पल काढायची शिकवली. घालायची कवा ते तू आज आपल्या मनानं शिकली."

सगळ्या बोर्डांसमोर त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तसा हात त्यांनी आजवर कोणाच्या पाठीवर ठेवल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर नव्या ऑपरेटर मुलींची तुकडी आली. त्यांच्या स्वागताच्या कार्यक्रमाला मोठे साहेब येणार होते, कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. लाइनवर कसं बोलावं, यावर इंग्रजीत चार शब्द कोणी बोलायचे असा प्रश्न निघाला, तेव्हा शोभाताईंनी दुसरं नावच घेतलं नाही.

आनंदराव मिलमधून रजा घेऊन आले. पांढरा सदरा, इस्त्रीचं धोतर. कौसल्याबाई शेजारी, नव्या लुगड्यात अवघडलेल्या. दोघं मागच्या रांगेत बसले. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण पोरगी उभी राहिल्यापासून आनंदरावांनी डोळ्याची पापणी हलवली नाही.

प्रेमिला सावकाश बोलली. सभेत बोलतो तसं, एकही 'ओ' न घालता. सन्मान्य साहेबांशी कसं बोलावं, घाबरलेल्या माणसाशी कसं बोलावं, आणि निरोप पोचवताना माणसाचा श्वासही कसा पोचवावा, ते तिनं सांगितलं. तंजावरच्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. समोरच्या मुली माना पुढे काढून ऐकत होत्या. साहेबांनी हातातला कागद बाजूला ठेवला.

"थँक यू," म्हणून ती थांबली. टाळ्या पडायच्या आधी जी एक रिकामी जागा असते, नेमकी तिच्यात मागून आवाज आला:

"व्वा! व्वा वं माह्या वाघिणी!"

मागाच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाचा तो आवाज. अख्ख्या हॉलनं वळून पाहिलं. एक-दोन कारकून हसले. कौसल्याबाईंनी नवऱ्याचा सदरा ओढला, "खाली बसा जी, साहेब पाहून राहिले!"

साहेबांनी भुवया उंचावून विचारलं, "हू इज दॅट जंटलमन?"

प्रेमिलाची मान खाली गेली नाही. ती माइकपाशी परत आली. तिचा आवाज तिच्या त्या स्वच्छ, कामाच्या पट्टीतच होता, पण तो ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं, की तो कशानं भरला आहे.

"सर," ती म्हणाली, "दॅट इज माय फादर."